दगडावरचें अक्षर



‘अक्षर’ हा शब्द मोठा अभिमानी आहे. जें क्षय पावत नाहीं तें अक्षर, अशी त्याची फोड आपण शाळेंत शिकलों. परंतु व्यवहारांत पाहिलें तर अक्षराइतकें अल्पायुषी दुसरें कांहीं नाहीं. धूळपाटीवर गिरविलेलें अक्षर हाताच्या एका फटकाऱ्यानें जातें. कागदावरचें वाळवीच्या आणि कोंकणांतल्या पावसाळी ओलीच्या तोंडीं पडतें. आणि अलीकडचें काचेच्या पडद्यावरचें अक्षर तर बोट सरकवितांच नाहींसें होतें. आपल्या नांवाला जागलेलें अक्षर पाहावयाचें असेल तर दगडाकडेच गेलें पाहिजे. आज अशा दगडावरच्या अक्षरासंबंधीं, तें ज्या हातांनीं काढिलें त्या हातांसंबंधीं, आणि तें राखण्याची पाळी आतां ज्यांच्यावर आली आहे त्या तुम्हां-आम्हांसंबंधीं चार शब्द बोलावयाचे आहेत. आकाशवाणीवरून अक्षर दाखवितां येत नाहीं. तेव्हां डोळ्यांचें काम थोडा वेळ कानांवर सोंपवावें लागेल.

आरंभ दूर देशापासून करूं. कारण दगडावरच्या अक्षराचा जेवढा मान चीन देशानें ठेविला तेवढा दुसऱ्या कोणीं क्वचितच ठेविला असेल. तेथें सुंदर हस्ताक्षर ही चित्रकलेच्या पंक्तीला बसणारी, किंबहुना तिच्याहून वरच्या पाटाची मानकरी अशी कला समजतात. चिनी लेखक बोरूनें लिहीत नाहीं, केसांच्या कुंचल्यानें लिहितो; त्यामुळें हात कोठें दाबला, कोठें उचलला, कोठें क्षणभर थबकला, हें सारें प्रत्येक रेघेंत उतरतें. माणसाचें शील त्याच्या अक्षरांत दिसतें, अशी तेथल्या लोकांची श्रद्धा आहे. असें नामांकित अक्षर कागदाबरोबर नष्ट होऊं नये म्हणून तें शिळेवर कोरून ठेवण्याचा प्रघात तेथें पडला. लेखक कित्येकदां घोटीव शिळेवरच हिंगुळाच्या तांबड्या रंगानें अक्षरें लिही. मग कोरणारा त्या रेघांच्या कडा न दुखवितां तीं खोदून काढी.

अशा प्रसिद्ध शिळांपैकीं दोन शिळांचा आपल्या महाराष्ट्राशीं दूरचा कां होईना, पण संबंध आहे. ह्युएनत्संग हा चिनी बौद्ध यात्रेकरू इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रांत आला होता. त्या वेळीं येथें चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याचें राज्य होतें. येथील लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहींत, आणि अपकाराचा सूड घेतात तोही शत्रूला आगाऊ सूचना देऊन, अशा आशयाचें आपलें वर्णन त्यानें लिहून ठेविलें आहे. हा यात्रेकरू ६४५ मध्यें स्वदेशीं परतला तेव्हां त्यानें ६५७ ग्रंथ बरोबर नेले. त्याच्या भाषांतरांस ताइ-त्सुंग बादशहानें एक प्रस्तावना लिहिली, आणि युवराजानें तिला जोडून दुसरा एक लेख लिहिला. पुढें चांगआन राजधानींत, म्हणजे आजच्या शीआन शहरांत, ग्रंथ सुरक्षित राहावे म्हणून ६५२ मध्यें एक उंच पॅगोडा बांधण्यांत आला. आणि ६५३ मध्यें ते दोन्ही लेख दोन शिळांवर कोरण्यांत आले; त्या शिळा त्याच्या दक्षिणेकडील दाराच्या दोन बाजूंस आहेत.

या दोन्ही शिळांवरचें अक्षर छू स्वेलियांग नांवाच्या मंत्र्याचें आहे. रेघा बारीक आणि लवचिक, पण आंतून तारेसारख्या ताठ. अक्षराप्रमाणेंच माणूसही ताठ होता. बादशहाचा तो युवराज पुढें गादीवर आला, आणि ६५५ मध्यें त्यानें वू नांवाच्या स्त्रीला पट्टराणी करण्याचें ठरविलें. छू स्वेलियांगनें त्यास तोंडावर विरोध केला. त्याबद्दल त्याला राजधानींतून घालविलें. एका प्रांतांतून दुसऱ्या, अधिक दूरच्या प्रांतांत ढकलीत ढकलीत अखेर आजच्या व्हिएतनामच्या भूमींत पाठविलें, आणि तेथेंच त्याचा अंत झाला. माणूस हद्दपार झाला. त्याचें अक्षर मात्र राजधानींतल्या त्या दाराशीं उभें राहिलें, आणि तें आजही तेथें आहे.

चिनी लोक शिळा उभ्या करून थांबले नाहींत. शिळेवरून ठसा घेण्याची एक रीत त्यांनीं काढिली. पातळ पण चिवट कागद भिजवून शिळेवर बसवावयाचा. ब्रशानें हलके हलके ठोकून तो अक्षरांच्या खांचांत उतरवावयाचा. अर्धवट सुकला म्हणजे शाईनें माखलेली कापडाची गादी त्यावर टिपीत न्यावयाची. सपाट भागावर शाई लागते, खांचा कोऱ्या राहतात. आणि काळ्या भूमीवर पांढरें अक्षर जसेंच्या तसें उमटतें. हा ठसा म्हणजे तिकडच्या विद्यार्थ्याचा कित्ता. आपल्याकडे पंतोजी स्वतः कित्ता घालून देत आणि मुलें तो गिरवीत. तिकडे मुलगा शेंकडों वर्षांपूर्वीं वारलेल्या लेखकाचा ठसा समोर ठेवून बसतो.

याच प्रस्तावनेची आणखी एक शिळा आहे, तिची हकीकत याहून विलक्षण आहे. वांग शीची हा चवथ्या शतकांतला लेखक तिकडे सुलेखनाचा मुकुटमणि मानितात. एका भिक्षूनें त्याच्या जुन्या पत्रांतून एकेक अक्षर वेंचून प्रस्तावना जुळविली. सुमारें १९०० अक्षरांचा हा मजकूर जुळवावयास वीसहून अधिक वर्षें लागलीं, आणि ६७२ मध्यें तो दगडावर चढला. न सांपडणाऱ्या अक्षरासाठीं त्यानें सोन्याचें बक्षीस लाविलें होतें, अशी दंतकथा सांगतात. त्या वांग शीचीच्या हातचा मूळ कागद आज एकही शिल्लक नाहीं. त्याचें अक्षर आपल्याला ठाऊक आहे तें अशा शिळांमुळें, ठशांमुळें आणि जुन्या नकलांमुळें. शीआन शहरांत तर १०८७ पासून अशा शिळांचा एक संग्रहच आहे, आणि त्याचें नांवही ‘शिळांचें अरण्य’ असेंच आहे.

आतां आपल्या घरीं येऊं. चांगआनच्या त्या शिळांच्या १९ वर्षें आधीं, शके ५५६ म्हणजे इ. स. ६३४ मध्यें, त्याच पुलकेशीची प्रशस्ति ऐहोळे येथील मेगुटीच्या जैन मंदिराच्या भिंतीवर कोरली गेली. ऐहोळे आज कर्नाटकांत आहे. पण तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यांतील ९९ हजार गांवांचा उल्लेख याच लेखांत असल्यानें महाराष्ट्राच्या इतिहासाला त्याच्यावांचून गति नाहीं. काव्य रविकीर्तीचें, आणि आपली योग्यता कालिदास-भारवींच्या बरोबरीची असल्याचें तो स्वतःच सांगतो. राजाचें नांव कळलें, कवीचें कळलें. परंतु हीं अक्षरें भिंतीवर कोणीं रेखिलीं आणि कोणीं कोरलीं, त्याची दाद लागत नाहीं. चिनी शिळेवर शब्द बादशहाचे, अक्षर छू स्वेलियांगचें, आणि कोरणाऱ्याचें नांवही कोरलेलें. आमच्या शिळेवर शब्दांच्या धन्याचा जयजयकार, आणि अक्षराचा धनी अज्ञात.

याला अपवाद आहेत, आणि त्यांतला सर्वांत जुना फार गोड आहे. अशोकाचे जे लेख कर्नाटकांत ब्रह्मगिरीस सांपडले, त्यांच्या शेवटीं लिहिणाऱ्यानें आपलें नांव दिलें आहे: चपड. लेख सगळा ब्राह्मी लिपींत, डावीकडून उजवीकडे. परंतु आपल्या नांवापुढें ‘लिपिकार’ या अर्थाचा जो शब्द त्यानें घातला, तो मात्र खरोष्ठी लिपींत, उजवीकडून डावीकडे. खरोष्ठी ही वायव्य सरहद्दीकडची लिपि. तेव्हां हा लिपिकार तिकडचा असावा, असा विद्वानांचा तर्क आहे. घरापासून शेंकडों कोस दूर, दक्षिणेंतल्या एका खडकावर, सम्राटाची आज्ञा लिहून झाल्यावर या कारकुनानें आपल्या गांवाकडच्या वळणाची एक सही ठोकून दिली. तिला दोन हजार दोनशेंहून अधिक वर्षें झालीं.

आमच्या नांदगांवाहून हमरस्त्यानें उत्तरेस निघालें म्हणजे खारेपाटण लागतें. विजयदुर्गाच्या खाडीच्या वरच्या अंगाचें हें जुनें बंदर. येथें मिळालेला शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट इतिहासकारांत प्रसिद्ध आहे. त्याची तिथि शके ९३०, ज्येष्ठी पौर्णिमा, म्हणजे इ. स. १००८. त्यांत राजाच्या दहा पिढ्यांची वंशावळ आहे. पण मला विशेष वाटतें तें त्यांतल्या दानाचें. परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागें एक गद्याण सोनें देवाला द्यावें, असें राजानें ठरविलें. आणि देवस्थानाच्या सेवेसाठीं तेली, माळी, कुंभार, परीट यांचीं कुटुंबें नेमून दिलीं. हा ताम्रपट विद्वानांपुढें प्रथम मांडणारा माणूसही याच मुलखांतला: ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर. देवगड तालुक्यांतील पोंभुर्लें हें त्यांचें गांव. १८१२ ते १८४६ एवढेंच आयुष्य लाभलेल्या या विद्वानानें वर्तमानपत्र काढिलें, शाळा-पाठशाळांतून शिकविलें, आणि त्यांतून वेळ काढून जुन्या पत्र्यांवरची अक्षरेंही लाविलीं. मराठी वृत्तपत्राचा जनक म्हणून त्यांचें नांव सर्वांच्या तोंडीं आहे. जुनें अक्षर वाचणारा आपल्यांतला एक पहिला माणूस म्हणूनही तें असावयास हवें.

परंतु ताम्रपट आणि शिलालेख यांत एक भेद आहे. ताम्रपट ज्याला दान मिळालें त्याच्या घरीं पेटींत राहतो. तो दस्तऐवज आहे. शिलालेख चवाठ्यावर उभा राहतो. तो जाहीरनामा आहे. पेटींतला पत्रा संस्कृतांत असला तरी चालतें, कारण तो वाचणारा शास्त्री मिळतो. चवाठ्यावरचा दगड मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला समजला पाहिजे. आपल्या मराठीला दगडावर जागा मिळाली ती याच गरजेपोटीं, असें मला वाटतें.

अलिबागजवळच्या आक्षी गांवचा लेख पाहा. शिलाहार केसीदेवरायाच्या काळचा हा लेख डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणें शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा आहे. खारेपाटणच्या ताम्रपटानंतर अवघ्या चार वर्षांचा. त्यांतलें अक्षर देखणें म्हणतां येणार नाहीं, शुद्धलेखनाचे तर धिंडवडेच आहेत. पण त्यांत महालक्ष्मीची आण घातली आहे ती आपल्या बोलींत. कोणा प्रधानाला आणि कोणा पाथरवटाला संस्कृताचा आधार सोडून घरांतली भाषा दगडावर घालावीशी वाटली, ही गोष्ट लहान नाहीं.

पुढें परळ येथील शिलाहार अपरादित्याचा लेख आहे, इ. स. ११८७ चा. दानाचा मजकूर संस्कृत. परंतु हें दान जो मोडील त्याला द्यावयाचा शाप मात्र मराठींत आहे, आणि घरंदाज कानांना तो पेलणार नाहीं असा रोखठोक आहे. ज्याला धाक घालावयाचा त्याच्या भाषेंत घातल्याखेरीज तो पोंचत नाहीं, हें त्या लेखकाला पक्कें माहीत होतें. दान संस्कृतांत आणि दम मराठींत! अशा शापाचे दगड महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं आहेत. त्यांना गद्धेगाळ म्हणतात. वर सूर्य-चंद्र, म्हणजे ते आहेत तोंवर हें दान चालावें; मध्यें लेख; आणि खालीं गाढवाचें चित्र, म्हणजे ज्याला अक्षर येत नाहीं त्यालाही शाप कळावा.

चाळीसगांवजवळच्या पाटणास शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०६ च्या सुमाराचा लेख आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं तेथें मठ काढिला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं हा लेख उजेडांत आणिला. मठाचें आणि वंशाचें गौरवगान संस्कृतांत आहे. परंतु गिऱ्हाइकापासून दामामागें किती, तेलाच्या घाण्यामागें किती, असा मठाच्या उत्पन्नाचा हिशेब सुरू होतो तेथें भाषा मराठी होते. सिद्धांतशिरोमणीच्या अध्ययनाचा खर्च ज्यांच्या घाण्यांतून यावयाचा, त्यांना तो कळला पाहिजे होता.

अक्षराच्या वळणाचें महत्त्व कळावयास श्रवणबेळगोळाकडे पाहावें. तेथील गोमटेश्वराची प्रचंड मूर्ति गंग राजांचा मंत्री चामुंडराय यानें इ. स. ९८१ च्या सुमारास करविली. मूर्तीच्या पायाशीं नागरी लिपींत मराठी ओळी आहेत: एकींत मूर्ति चामुंडरायानें करविल्याचें, तर दुसरींत भोंवतालचें आवार गंगराजानें करविल्याचें सांगितलें आहे. हें दुसरें काम बाराव्या शतकांतलें. पहिली ओळ मूर्तीच्या काळची धरिली तर ती आपल्या भाषेची अत्यंत जुनी ओळ ठरते. परंतु दोन्ही ओळींतील अक्षरांची घडण एकच आहे, तेव्हां दोन्ही एकाच वेळीं, नंतरच्या काळांत कोरल्या असाव्या, असें कांहीं विद्वानांनीं दाखविलें. म्हणजे भाषेचें वय शंभर-सव्वाशें वर्षें मागें-पुढें सरकतें तें अक्षराच्या वळणावर. जुन्या नागरींत एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देतां पुष्कळदां डाव्या अंगास उभी रेघ ओढून देत; तिला पडिमात्रा म्हणतात. शिरोरेघ केवढी, मात्रा कोठें, रेघेचें टोंक कसें, एवढ्यावरून जाणता माणूस दगडाचा काळ सांगतो. अक्षर खरवडलें किंवा रंगानें बुजलें, तर ही साक्ष कायमची जाते.

साक्ष जाण्यास द्वेषच लागतो असें नाहीं; प्रेमानेंही ती जाते. पंढरपूरच्या देवळांतला चौऱ्यांशीचा लेख सर्व वारकऱ्यांना माहीत आहे. रामचंद्रदेव यादवाच्या राज्यांत शके ११९५ ते ११९९ या काळांत ज्यांनीं ज्यांनीं विठ्ठलाला दान दिलें त्यांचीं नांवें व रकमा त्यावर आहेत. हेमाद्रि पंडिताचेंही नांव आहे. या शिळेला पाठ घांसली म्हणजे चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा पडली. आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाठींनीं दात्यांचीं नांवें झिजत गेलीं. चीनमधल्या शिळाही झिजल्या आहेत. पण त्या ठसे घेऊन घेऊन झिजल्या. तेथें शिळा झिजली तशी तिचीं अक्षरें कागदांवर पसरत गेलीं. आमची झिजली तेव्हां बराच काळ कोणाजवळ नक्कल नव्हती.

रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराशीं एक लहानसा लेख पायरीवर आहे. भिंतीवर गड बांधल्याची मोठी संस्कृत प्रशस्ति आहे. परंतु बांधणारा हिराजी यानें स्वतःसाठीं पायरी निवडली, आणि सेवेच्या ठायीं आपण तत्पर आहों एवढेंच तीवर म्हटलें. दर्शनास येणाऱ्याची धूळ आपल्या नांवावर पडावी, ही त्यांतली नम्रता. पण दगडावर पायधूळ पडते तशी झीजही होते. त्याचें आडनांव इंदुलकर वाचावें कीं इटळकर, याविषयीं वाचकांचें एकमत नाहीं. आणि आमच्या मालवणच्या सिंधुदुर्गावर तर अक्षरही नाहीं. १६६४ ते १६६७ या काळांत बांधलेल्या त्या किल्ल्याच्या तटावर, शिवछत्रपतींच्या हातापायांचे म्हणून दाखविले जाणारे, चुन्यांत उमटलेले ठसे आहेत. मला तेंही एक हस्ताक्षरच वाटतें.

आमच्या दक्षिण कोंकणांत लेखांचे दगड विरळ कां, असें कोणी विचारील. याचें एक कारण पायांखालीं आहे. आमचा दगड जांभा. तो भोंकाभोंकांचा, घराच्या भिंतीला उत्तम, पण बारीक अक्षराला निरुपयोगी. त्याच्यावर हात चालतो तो मोठ्या रेघांचा. मालवण तालुक्यांत कुडोपीच्या सड्यावर जीं प्राचीन कातळशिल्पें आहेत तीं तशींच आहेत. अक्षर ठेवावयाचें तर काळा दगड आणावा लागे. म्हणूनच कोंकणांतल्या एखाद्या देवळाशीं, तळ्याशीं, विहिरीच्या काठीं लेख असलेला काळा दगड दिसला, तर तो कोणी मुद्दाम, खर्च करून, लोकांना कांहीं सांगावयासाठीं आणिला आहे असें समजावें.

आतां या सगळ्याचें तात्पर्य काय? चिनी शिळा मुख्यतः अक्षरासाठीं जपली गेली. तिला राखणारा एक वर्गच होता: शिकणारा. ज्याला चांगलें अक्षर काढावयाचें आहे त्याला ती शिळा हवीच असे. म्हणून राज्यें बुडालीं तरी ठसे घेणारे हात थांबले नाहींत. आमची शिळा शब्दासाठीं उभी राहिली: दान, हद्द, आण, शाप. जोंवर तें दान चालू होतें, तोंवर तिला राखणारे होते. दान संपलें, लिपि बदलली, भाषा जुनी झाली, आणि शिळा पोरकी झाली. कोठें ती धुणें धुवावयास लागली, कोठें उंबऱ्याखालीं गेली, कोठें शेंदूर लागून देव झाली. राजाचें नांव गांवाला नको, आणि लिपिकाराचें तर कोणाला ठाऊकच नाहीं. मग तिचा कैवारी कोण?

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मान्य केला, तेव्हां आपण सर्वांनीं आनंद मानिला. तो योग्यच होता. पण भाषेचें प्राचीनत्व ज्या पुराव्यांवर सिद्ध करावयाचें त्यांतले पुष्कळ पुरावे उन्हापावसांत उभे आहेत. डॉ. तुळपुळे यांनीं १९६३ मध्यें ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ सिद्ध करून त्यांचीं वाचनें एकत्र आणिलीं. विद्वानांनीं आपलें काम केलें. पण विद्वान प्रत्येक गांवच्या देवळाशीं पहारा करूं शकत नाहीं. तें काम गांवाचें आहे, आणि गांवाशीं नातें ठेवून शहरांत राहणाऱ्या कुटुंबांचें आहे. कारण जीर्णोद्धाराची वर्गणी बहुधा शहरांतूनच येते.

एक उदाहरण सांगतों. मास्तरकीच्या दिवसांत मी मुलांना घेऊन शेजारच्या एका गांवीं वनभोजनास जात असें. तेथल्या देवळापुढें एक लेख असलेला दगड होता. मजकूर थोडका: शक, मिती, आणि तळें बांधणाऱ्याचें नांव. मुलांनीं त्यावर पातळ कागद धरून, पेन्सिलीचें शिसें आडवें घांसून ठसे काढिले, आणि वर्गांत आणून लिपि लावण्याचा आठ दिवस खेळ केला. कांहीं वर्षांनीं देवळाचा जीर्णोद्धार झाला. लोकांनीं भक्तिभावानें वर्गणी काढिली, देऊळ चकचकीत केलें, आणि उरलेल्या तैलरंगाचे दोन हात त्या दगडालाही दिले. खांचा बुजल्या. कोणाच्या मनांत वाईट नव्हतें. दगड शोभिवंत दिसावा हाच हेतु होता. त्या मुलांपैकीं एकानें आपला कागद गणिताच्या वहींत जपून ठेविला होता. तळें कोणीं आणि केव्हां बांधिलें याची साक्ष त्या गांवांत आज दगड देत नाहीं, तो कागद देतो.

म्हणून कांहीं साध्या गोष्टी सांगतों. आपल्या गांवीं असा दगड असेल तर त्याला रंग लावूं नये, शेंदूर-तेल घालूं नये, अक्षर उठून दिसावें म्हणून खडूनें किंवा खिळ्यानें तें गिरवूं नये. तारेचा ब्रश आणि तेजाब तर शत्रूच समजावे. शेवाळ असेल तर साधें पाणी आणि मऊ ब्रश एवढ्यावर थांबावें. शाईचा ठसा घेणें हें शिकलेल्या हाताचें काम आहे. आपल्याकडचे पुराभिलेखतज्ज्ञही तो ओला कागद, ब्रश आणि शाई यांच्याच साह्यानें घेतात. पण आतां प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल आहे. सकाळीं किंवा सायंकाळीं, ऊन दगडावर आडवें पडलें असतां छायाचित्र घ्यावें. दुपारीं न दिसणारी रेघ त्या वेळीं सांवली धरून उभी राहते. रात्रीं बाजूनें विजेरीचा झोत टाकला तरी तेंच साधतें. छायाचित्रावर गांवाचें नांव, जागा, आणि दगडाची लांबी-रुंदी लिहून ठेवावी. दगड जागचा हलवूं नये, कारण तो कोठें उभा आहे हाही त्याच्या मजकुराचाच एक भाग असतो. आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागास, किंवा १९१० पासून पुण्यांत काम करीत असलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेस कळवावें.

यांत पैशाचा खर्च जवळजवळ नाहीं. खर्च आहे तो थोड्या लक्षाचा. सुटींत मुलें गांवीं जातात, देवदर्शन करितात, आंबे-फणस खातात. त्यांतली एक सकाळ त्यांना घेऊन गांवांतले जुने दगड पाहावे. त्यांना शिरोरेघ दाखवावी, पडिमात्रा दाखवावी, सूर्य-चंद्र आणि गाढव यांचा अर्थ सांगावा. मुलांना कोडीं आवडतात, आणि जुन्या लिपीइतकें रसाळ कोडें दुसरें नाहीं. बाळशास्त्री जांभेकरांनीं तें सोडविलें तेव्हां त्यांच्याजवळ आजच्या निम्म्यानेंही साधनें नव्हतीं.

अक्षर अविनाशी आहे असें आपले पूर्वज म्हणाले. दगड अविनाशी आहे असें मात्र ते कोठें म्हणाले नाहींत. वांग शीचीच्या हातचा कागद गेला तरी त्याचें अक्षर राहिलें, कारण प्रत्येक पिढींत कोणी ना कोणी तें पुन्हा उतरून घेतलें. चपडाला आपण ओळखतों, कारण त्याच्या सहीवर पुन्हा कोणाची तरी नजर पडली आणि तिनें ती वाचली. आक्षीच्या, परळच्या, पाटणच्या पाथरवटांना नांव नाहीं. पण त्यांनीं आपली बोली दगडांत उतरविली आहे, आणि ती वाचणारे डोळे आपल्याजवळ आहेत. तोंवर त्या दगडांवर रंगाचा हात फिरूं न देणें, एवढें त्यांचें देणें आपण लागतों.